मेणातले दात

१२ जानेवारी

दादा,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, हवापाणी, सगळं लिहिलंय असं समज. तीन वर्षांत तुला पहिलंच पत्र लिहितेय आणि पहिल्या ओळीत भांडायचं नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या ओळीबद्दल काही ठरवलं नव्हतं. म्हणून विचारते, आई दिवसभर झोपते का रे?

दर रविवारी फोन तू उचलतोस. "बरी आहेस ना? गोळ्या चालू आहेत ना? झोप लागते ना?" एवढं झालं की मी म्हणते, आईला दे. मग ती झोपलेली असते, नाहीतर आंघोळीला गेलेली असते, नाहीतर शेजारी बसायला गेलेली असते. एवढं हिंडणारं आणि एवढं झोपणारं एकच माणूस मी अजून पाहिलेलं नाही. सरळ सांग ना, तिला माझ्याशी बोलायचं नाही.

कारण मला ठाऊक आहे, तुलाही आहे. आपण सगळे ते चिमट्याने उचलून बाजूला ठेवतो, म्हणून मीच लिहून टाकते. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी माझा आजार आभाळाला टेकला, तेव्हा बाबांनी आईसाठी केलेली कवळी मी 'सुधारायला' घेतली आणि घासून घासून तिचं वाटोळं केलं. बाबांच्या हातची शेवटची कवळी ती. मी दवाखान्यात असताना आई तोंडावर रुमाल धरून तुझ्याबरोबर गाडीत बसली, हे मला नंतर काकांकडून कळलं. तिकडे तू तिला नवी कवळी करवून दिलीस, हेही काकांकडूनच. झालं, लिहिलं. आता यावर "जाऊ दे" असं लिहू नकोस, मी माफी मागायला बसलेले नाही. तिला राग असेल तर तो तिने मला स्वतःच्या तोंडाने ऐकवावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

बातमी अशी, की मी कामाला लागले. अर्धा दिवस, आपल्याच कवळ्यांच्या कारखान्यात. तीच खोली, तोच लांब ओटा, मेणाचा तोच वास, आणि खिडकीपाशी बाबांची खुर्ची, जिच्यावर कोणी बसत नाही आणि जी कोणी हलवतही नाही. काकांनी मला प्लास्टर कालवायला बसवलंय. निम्मं आयुष्य कवळ्या करण्यात घालवलेल्या बाईला प्लास्टर! दातओठ खात कालवते. काका म्हणाले, "बघू, हळूहळू." बाबांच्या या भागीदाराचं हळूहळू तुला माहीत आहे. लग्नसुद्धा हळूहळू करायचं ठरवलं होतं त्यांनी, ते अजून व्हायचंय.

मला घराबाहेर काढलं ते डॉक्टरीणबाईंनी. मागच्या खेपेला झोप, भूक, रक्ताची तपासणी, सगळं ठीक निघालं. मी खूश होऊन उठले, तर म्हणाल्या, "बसा. या आठवड्यात तुमची वाट कोणी पाहिली?" मला कळेना. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कुठे गेला नसता तर कुणाचं काही अडलं असतं का?" मी पुष्कळ विचार केला. कुत्र्याचंसुद्धा अडलं नसतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "बायपोलर आटोक्यात आला, ही अर्धी गोष्ट झाली. आभाळातून खाली आलात, विहिरीतून वर आलात. आता जमिनीवर चालायचं कुणी?"

तो प्रश्न घेऊन मी घरी आले आणि तेव्हापासून तो माझ्याबरोबर जेवायला बसतोय. आईला सांग, मी फोनची वाट पाहते. झोपेतून उठली की.

तुझी,
ठिणगी (हे नाव तूच ठेवलंस, आता भोग)


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. "तब्येत जप. कामाची घाई नको. आई ठीक आहे." अरे, एवढं तर पाकिटाच्या मागच्या बाजूलाही मावलं असतं.

तब्येत जप म्हणजे नक्की काय करू? फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवू? मी काय काचेची बरणी आहे? जपून जपून तर ही अवस्था झाली. आजार गप्प बसलाय आणि त्याच्याबरोबर मीही. तुम्हा सगळ्यांना वाटतं, ही ओरडत नाही, पळत नाही, रडत नाही, म्हणजे बरी झाली. तसं पाहिलं तर खोलीतलं कपाटही बरं आहे.

खरं काय ते तुला सांगते, कारण काकांना सांगायची लाज वाटते. हात थरथरतो. औषधाने. फार नाही, कप नेताना बशी वाजते इतपत. पण आपल्या धंद्यात तेवढंही पुष्कळ झालं. बाईंनी रक्त तपासून गोळी जराशी कमी केली, थरथर जराशी कमी झाली, गेली नाही. "हाताला टेकू द्या," म्हणाल्या. मग मी वाळूची एक पिशवी शिवली आणि मनगटाखाली घेऊन बसते. काका तिला 'तुझं पिल्लू' म्हणतात.

हाताचं असं, डोक्याचं त्याहून वाईट. पूर्वी चार गिऱ्हाइकांची तोंडं एकदम डोक्यात असायची. परवा काका बाहेर गेले होते, त्यांनी सांगितलं म्हणून मेण तापवायला ठेवलं आणि कशासाठी ठेवलं तेच आठवेना. नुसती उभी. मेण वितळलं, मी ज्योत विझवली, मेण पुन्हा घट्ट झालं, मी तिथेच. मग रडायला आलं. काका त्याच वेळी परत आले. त्यांनी पंखा तेवढा जोरात लावला, म्हणजे माझा आवाज बाहेर जाऊ नये. थंडीत पंखा! दोघंही कुडकुडत बसलो.

पण रडण्याची गंमत सांगू? रडले तर लोक पंखा लावतात. हसले तर घाबरतात. आज एक निवृत्त हवालदार आले होते, काकांनी केलेली कवळी घालून. म्हणाले, "तक्रार आहे. फार घट्ट बसलीय." काका म्हणाले, "मग चांगलंच आहे की!" हवालदार म्हणाले, "कसलं चांगलं? पूर्वी बायकोशी भांडताना कवळी निसटायची, मग भांडण तिथंच थांबायचं. आता थांबायला निमित्तच उरलं नाही." मी खदखदून हसले. हवालदारही हसले. आणि काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत हळूच म्हणतात, "आज गोळी घेतलीस ना?"

मी म्हटलं, "काका, विनोदाला हसायलाही आता चिठ्ठी लागते का डॉक्टरांची?" ते ओशाळले. पण मीही घरी येऊन आरशात बघितलं, मघाशी जास्त हसले का म्हणून. राग त्याचा येतो मला. लोक शंका घेतात ते घेतात, आता मीही त्यांच्यात सामील झालेय.

आई कशी आहे ते 'ठीक' या शब्दाशिवाय लिही.

ठिणगी


३ मार्च

दादा,

तू डॉक्टरीणबाईंना फोन केलास. मला न विचारता.

पत्र दोनदा फाडलं, हे तिसरं. काकांनी तुला कळवलं, की ही ओट्याशी बसून एकटीच पुटपुटते. तू हजार कोसांवरून ताबडतोब हालचाल केलीस. आई तीन वर्षं फोनवर येत नाही त्यासाठी तुला हालचाल सुचत नाही, पण माझे ओठ हलले की बरोबर सुचते.

मी पुटपुटत होते, खरं आहे. काय पुटपुटत होते ते विचारलं कुणी? ऐक. "मेण मऊ. कड लाव. मधली रेघ धर. पुढचे दोन. थांब. बाजूचे दोन. थांब. आता बघ." पायऱ्या म्हणत होते मी! काकांनी सरावाला एक जुना साचा दिला होता. डोकं मध्येच वाट चुकतं, म्हणून तोंडाने त्याला बोट धरून नेत होते. आणि हे शिकले कुणाकडून? बाबांकडून. बाबा जन्मभर पुटपुटत कवळ्या करत आले. काका त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून म्हातारे झाले, त्यांना हे ठाऊक नाही? बाबा पुटपुटले की कसबी कारागीर, मी पुटपुटले की डॉक्टरला फोन. वा रे न्याय!

बाईंनी मला बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणून दाखवा." मी सगळ्या पायऱ्या म्हणून दाखवल्या. बाई म्हणाल्या, "हे फार छान आहे. असंच चालू ठेवा. मलाही काहीतरी शिकवा, मी चष्मा कुठे ठेवते ते रोज विसरते." मग जायला निघाले तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या माणसांना भीती बसलीय. तेही एक दुखणंच आहे. त्यावर माझ्याकडे गोळी नाही."

ते ऐकून माझा निम्मा राग उतरला. निम्मा आहे अजून. तू फोन केलास याचा संताप येतो, आणि तू फोन केलास म्हणून बरंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी. हे आजाराचं लक्षण नाही, मी विचारून घेतलंय.

काकांना मात्र मी सोडलं नाही. "चुगली केलीत ना? आता भरपाई करा." म्हातारा इतका खजील झाला की एक पूर्ण काम माझ्या हवाली केलं. वरची आणि खालची, दोन्ही. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या एक बाई आहेत, आता निवृत्त. आम्ही त्यांना घोषणाबाई म्हणतो. सगळे दात काढलेत, तोंडाचं बोळकं. मापं मी घेतली. हात वाळूवर, तोंडाने पायऱ्या.

भीती वाटतेय दादा. हे जमलं नाही तर मी प्लास्टर कालवणारी बाई आहे हे मला कायमचं मान्य करावं लागेल.

ठिणगी


२८ मार्च

दादा,

बसून वाच.

बाबांची रीत आठवते ना? दात पक्के करायच्या आधी मेणात लावून गिऱ्हाइकाच्या तोंडात घालायचे आणि त्याला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचं, एकेक 'स' कानाने तपासायचा. आपण लहानपणी दाराबाहेर बसून त्यांची नक्कल करायचो. आता माझ्यासमोर घोषणाबाई बसल्या. साठ ठीक. एकसष्ट ठीक. बासष्टपासून जी शीळ सुरू झाली ती काही थांबेना. घोषणाबाई थांबल्या, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुटली वाटतं गाडी."

काका हसले, त्या हसल्या. मला हसू आलं नाही. पुढचे दात मी जरा बाहेर लावले होते. पूर्वी अशी चूक मी झोपेतही केली नसती. घरी गेले आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ती विहीर मला ओळखीची आहे, दादा. तिच्या काठावरचा एकेक दगड माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "वाईट वाटण्यासारखं घडलं, म्हणून वाईट वाटतंय. यातलं किती तुमचं आणि किती आजाराचं, ते उद्यापर्यंत बघू. तोवर गोळी चुकवू नका आणि पडदे उघडा." पडदे उघडले. तेवढंच जमलं.

संध्याकाळी काकांचा फोन. मी तयारीत होते, "गोळी घेतलीस ना" म्हटलं की ठेवून द्यायचा. ते म्हणाले, "घोषणाबाई उद्या यायच्या आहेत. विचारताहेत, तू आहेस का. मी काय सांगू?"

मी पांघरूण बाजूला केलं. मग म्हटलं, "आहे म्हणा."

सगळे दात काढून पुन्हा लावले. पूर्वी जे सकाळी घेऊन दुपारी संपवायची, त्याला आता किती वेळ लागला ते लिहीत नाही, तू हसशील. पण दुसऱ्या खेपेला घोषणाबाईंनी साठपासून सत्तरपर्यंत असं मोजलं की भिंतीनेही लक्ष द्यावं. सत्तरला थांबल्याच नाहीत. गाड्या सोडत सुटल्या! ही गाडी उशिराने धावत आहे, ती गाडी येतच आहे. समोरच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी राहिली.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसले. म्हणाल्या, "दात काढल्यापासून मी लेकाचा फोन घेतला नव्हता बरं का. ज्या तोंडाने सगळ्या स्टेशनला ऐकवलं, त्या तोंडाने त्याला फसफस कशी ऐकवू? शेजारणीला सांगायचे, झोपलेय म्हण. तो बिचारा समजला, आई रुसली."

त्या गेल्या आणि मी ओट्यावरच हे पत्र लिहायला बसले.

दादा, आता मी एकच गोष्ट विचारते आणि तिचं खरं उत्तर हवंय. आईच्या तोंडात दात आहेत का?

ठिणगी


१४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

म्हणजे तिकडच्या डॉक्टरांनी केलेली कवळी पहिल्या दिवसापासून डबीत आहे. म्हणजे आई तीन वर्षं मऊ कालवून गिळते. "ज्या घराने गावाला दात दिले, त्या घरच्या बाईने दुसऱ्याचे दात का घालावेत," म्हणते. वा! तोंडात दात नाही पण तोरा आहे. तुझ्याशी बोलते, वहिनीशी बोलते, शेजारणीशीही बोलते. फक्त माझ्याशी नाही. का, तर "तिचा कान बापासारखा आहे, एका शब्दात ओळखेल, आणि मग स्वतःला खात बसेल, पुन्हा आजारी पडेल." आणि तू तिला हो म्हणालास.

म्हणजे ती रागावून गप्प नव्हती. ती रागावली आहे समजून मीच आपली झुरत होते. आई मला जपत होती, तू मला जपत होतास. दोघांनी मिळून मला एवढं जपलंत की मी एकटी पडले रे. अशा माणसांना कुणी शहाणं म्हणेल का? बाबा असते तर एकेकाला ओट्याशी उभं केलं असतं.

असो. रडून झालं, आता काम. ठसा पाठव. तिकडच्याच डॉक्टरांकडून तिच्या तोंडाची मापं घे, नीट खोक्यात घालून पाठव. आईची कवळी मी करणार.

शेवटी तू हळूच विचारलंयस, "तुला झेपेल का?" खरं सांगू? माहीत नाही. वेळ लागेल. हात थरथरेल. एखादा दिवस मी येणारच नाही. आणि पुन्हा कधी आभाळात जाणार नाही असं काही मी लिहून देणार नाही, डॉक्टरीणबाईही देत नाहीत. तसलं काही घडायला लागलं तर मी सांगेन, काका सांगतील, तू खुशाल डॉक्टरांना फोन कर, या वेळी मीच नंबर देते. पण ही पुन्हा तशी होईल या भीतीने मला काही करूच द्यायचं नाही, असं किती वर्षं चालवायचं? बुडेल म्हणून पाण्यात जाऊ द्यायचं नाही, आणि वर विचारायचं, पोहता का येत नाही?

आईला विचार. तुला नाही, तिला ठरवू दे. नाही म्हणाली तर मी पुन्हा मागणार नाही. हे लिहिताना माझा हात वाळूवर नाहीये, म्हणून अक्षर असं आलंय.

ठिणगी


६ मे

दादा,

खोकं पोचलं. आईने "हो" म्हणायला किती वेळ घेतला ते तू लिहिलं नाहीस, बरं केलंस.

काकांनी खोकं ओट्यावर ठेवलं आणि काहीतरी आणायचंय म्हणून बाहेर गेले. त्यांना काहीही आणायचं नव्हतं. मी ठशात प्लास्टर ओतलं. कालवलं इतकं सुरेख की काय सांगू, सराव झालाय ना! साचा निघाला आणि आईचं तोंड माझ्या तळहातावर आलं. फळीवर बाबांनी केलेला तिचा जुना साचा होता, तो शेजारी ठेवला. दादा, हिरड्या किती झिजल्यात रे. जुन्या साच्याशेजारी नवा लहान मुलीचा वाटतो. तुला रोज दिसते म्हणून दिसत नसेल.

दाताचा रंग जुळवायला उजेड हवा. मी इकडे तिकडे साचा घेऊन फिरत होते, तर काका वैतागून म्हणाले, "अगं बस की तिथं! उजेड त्या खुर्चीत आहे, काय अंधारात धडपडतेस?" बसले बाबांच्या खुर्चीत. आणि काय कळलं सांगू? तिचा एक पाय आखूड आहे. बाबा कायम जरा तिरके बसायचे आणि आपण समजायचो गहन विचारात आहेत!

आता त्या दाताचं सांगते. आईचा वरचा एक दात आडवा होता, आठवतो? हसली की ओठावर यायचा. तो पडला, सगळेच पडले, तरी बाबांनी कवळीत तो तसाच आडवा लावला. म्हणाले, "हिला मी या दातासकट पाहिलंय." तेव्हा, आभाळात असताना, मी सुधारायला घेतला होता तो हाच दात. मला वाटलं होतं, आई किती सुंदर दिसेल, तिचं सगळं आयुष्य सरळ होईल. एक दात सरळ करायला गेले आणि सगळी कवळी गेली.

परवा त्याच दातापाशी आले आणि हात शिवशिवला. वाटलं, खरंच, जरा सरळ लावला तर? अगदी जरासाच? काम रंगात आलं होतं, सगळं सुचत होतं. मी चटकन हात काढून घेतला. बाईंनी आणि मी मिळून एक ठरवलंय, ठरलेल्या वेळी ओटा सोडायचा. काम अडलं असेल तरी, आणि रंगात आलं असेल तर आधी. मी ज्योत विझवली, पिल्लू उचललं, घरी गेले, कपडे धुतले. फार कठीण गेलं. चालत्या गाडीतून उतरल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तो दात बाबांच्या साच्यावरून बघून आडवा लावला. जेवढा होता तेवढाच. काका भिंग घेऊन आले, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गोळी घेतलीस ना?" मी चिडून वर बघितलं, तर म्हातारा हसत होता.

मेणातले दात आज पाठवतेय. उन्हात ठेवू नकोस. डॉक्टरांकडे ने, ते तोंडात बसवून बघतील. आणि त्यांना सांग, आमच्या घरी साठपासून सत्तरपर्यंत मोजायची रीत आहे. मोजताना फोन लाव. मला ऐकायला हवं, तरच कुठे घासायचं ते कळेल. कामासाठी सांगतेय. दुसरं काही नाही.

आहे, दुसरंही आहे. तुला कळलंच असेल.

ठिणगी


२३ मे

दादा,

तू फोन तिच्या हातात दिलास आणि बाहेर गेलास, म्हणून तुला ठाऊक नाही काय झालं ते. सांगते.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मी पत्रात एवढी तोंडाळ, पण ऐन वेळी दातखीळ बसली ती माझीच. काका समोर उभे, त्यांनी हळूच पंखा बंद केला. मग तिकडून आवाज आला, "साठ."

तोच आवाज दादा. जरा म्हातारा. "एकसष्ट," म्हणाली, "बासष्ट," म्हणाली, एकेक आकडा तोलून, बाबांच्या गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून तिला पाठच होतं सगळं. पासष्टला मला रडू फुटलं, पण आवाज दाबला, कारण ऐकायचं होतं. सदुसष्टला हवा निसटली. अगदी बारीक. ती सत्तरपर्यंत गेली आणि थांबली.

तीन वर्षांनी आईशी बोललेलं माझं पहिलं वाक्य काय, माहीत आहे? "सदुसष्ट परत म्हण."

"बापावर गेलीस," ती म्हणाली. "तोही सदुसष्टलाच अडवायचा." आणि हसली. मग जरा थांबून म्हणाली, "तो दात तसाच ठेवलास ना गं. जिभेला लागला. ओळखला मी."

मी फोन कानाशी घट्ट धरला. तीच बोलायला लागली. शेजारणीचं बोलली, वहिनीच्या हातचं तिला काय आवडतं ते बोलली, तू जेवताना पेपर वाचतोस ही तक्रार केली, तिच्या खिडकीतून काय काय दिसतं ते सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "मी रागावले नव्हते. मला लाज वाटत होती, येडे." मागून डॉक्टर म्हणत होते, "आजी, काढा आता, काढा." आई त्यांना म्हणाली, "थांबा हो जरा, माझी मुलगी बोलतेय." मी तर एक अक्षर बोलत नव्हते.

मेणातले दात तोंडात फार वेळ ठेवायचे नसतात. तोंडाच्या उबेने मेण मऊ पडतं, दात सरकतात, सगळं काम वाया जातं. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात. मला सांगायला हवं होतं, की आई, दात काढ. मला एकेक दात सरकताना तिच्या बोलण्यात ऐकू येत होता. तरी नाही सांगितलं.

आज खोकं परत आलं. पुढचे दोन बाहेर आलेत, बाजूचा एक आत गेलाय. आणि तो आडवा दात, दादा, बोलून बोलून सरळ झालाय! काकांनी भिंगातून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सगळं पहिल्यापासून करायला लागणार."

"हो काका," म्हटलं, आणि मेण तापवायला ठेवलं. कशासाठी ठेवलंय ते या वेळी विसरले नाही.

हातासरशी होणार नाही. आईला सांग, वाट बघ.

ठिणगी